बाळंतिणीच्या खोलीतला वाघ

“वाघ कुठे आहे? मला आत्ताच्या आत्ता वाघ दाखव.”

दारातून माझा नवरा ओरडत होता. आता हे नीट समजून घ्या, की हा माणूस ओरडत नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याने याच्या पायावर उकळती कढी सांडली, तेव्हासुद्धा हा “भैया, जरा देख के” एवढंच म्हणाला होता. रेल्वेच्या ऑफिसात हा फोनवर बोलतो तेव्हा शेजारच्या टेबलाला वाटतं, पंखा फिरतो आहे. तोच माणूस त्या दिवशी जबलपूरच्या घमापुरात, माझ्या माहेरच्या दारात असा गरजला, की भेडाघाटच्या नावाड्यांनी घाबरून वल्ही वर उचलली असतील.

आई स्वयंपाकघरात डिंक तळत होती. तिने फक्त ‘वाघ’ ऐकलं. फॅक्टऱ्यांच्या मागच्या जंगलातून बिबट्या वस्तीत उतरल्याची बातमी आमच्या गावात अधूनमधून असतेच, त्यामुळे तिने चौकशीत वेळ घालवला नाही. मागच्या दाराला कडी घातली, लाटणं उचललं आणि माझ्या खोलीत येऊन मी आणि माझी लेक, अशा दोघींच्या पुढे ती उभी राहिली.

“कुठून आला?” तिने विचारलं.

“पुस्तकातून,” नवरा म्हणाला. “म्हणजे नाहीच आला. काहून नाही आला, तेच विचारून राहिलोय हिला.”

आईने लाटणं खाली केलं. “जावईबापू, चपला बाहेर काढा,” ती म्हणाली. “आणि बाळंतिणीच्या खोलीत आवाज खाली.”

तो वाघ माझा होता. का सोडला, ते सांगते.

लेक होण्यापूर्वी मी जसं वाचायचे, तसं जबलपुरात कोणी वाचलं नसेल. स्कूटरवर मागे बसून, नवऱ्याच्या पाठीला पुस्तक टेकवून मी राइट टाउन ते स्टेशन एवढ्या अंतरात एक कादंबरी संपवलेली आहे. सिग्नल लाल मिळाले तर दोन. दिवस राहिले तसं ज्याने त्याने सांगायला सुरुवात केली, आता रजा मिळेल, पडल्या पडल्या वाच, तुला वेळच वेळ. हे सांगणाऱ्यांपैकी एकानेही मूल सांभाळलेलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. मी भाबडी. राइट टाउनच्या घरात कपाटाचा अख्खा खण कोऱ्या पुस्तकांनी भरला, आणि मग बाळंतपणाला आईकडे आले.

आईकडे कायदा वेगळा. खिडकीला घोंगडी, बाजेखाली ओव्याची शेगडी, डोक्याला असा घट्ट रुमाल की माझ्या भुवया कायमच्या आश्चर्यात, आणि उजेड म्हणून झिरोचा बल्ब. त्या उजेडात मी आठवडाभर नवऱ्याला ओळखलं नाही, आवाजावरून अंदाज करायचे. सव्वा महिना वाचायचं नाही, आईने पहिल्याच दिवशी सांगितलं. बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात.

मी आकाशपाताळ एक केलं. लेकीला पाहायला जो येईल त्याच्यापुढे या जुलमाचं रडगाणं गायले. मालिशवाली बाई तर रोज माझ्यासाठी हळहळायची, “दीदी को पढ़ने दो ना, अम्मा.” नवऱ्याचं काळीज फाटलं. तो रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की यायचा. एक दिवस त्याने डायपरच्या पाकिटात तळाशी एक पुस्तक घालून आणलं. आईच्या नाकाखालून. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही चोरून केलं होतं, त्या भरात तो आईच्या दोनदा पाया पडला.

जाडजूड कादंबरी होती, मुखपृष्ठावर कंदील. एका आडगावच्या स्टेशनमास्तरची गोष्ट. लेक झोपली तशी मी पहिलं पान उघडलं. स्टेशनमास्तरने कंदील उचलला आणि. एवढ्यात लेकीला उचकी लागली. ती थांबवून परत आले तर कोणी उचलला, काय उचलला, काही आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. उचलला आणि. शू. उचलला आणि. दूध. मालिश झाली, शेक झाला, लाडू झाला, तो माणूस आपला कंदील उचलूनच राहिला. त्याच्या जागी दुसरा असता तर हात खांद्यातून निखळला असता.

सुरुवातीला मला हसू आलं. मग एके दुपारी लेक गाढ झोपलेली, घरात चिडीचूप, कोणी मधे आलं नाही, आणि तरी ते वाक्य माझ्या डोक्यात शिरेना. अक्षरं दिसत होती. अर्थ दारातूनच परत जात होता.

आई डोक्याचा रुमाल बांधायला आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तू पण वाचायचीस ना? हो, ती म्हणाली, खूप. आजोबा चिडायचे, दिवाबत्तीची वेळ झाली तरी अंगणात पुस्तक घेऊन बसलेली असायची.

“मग?”

“मग काय. तू झालीस.” तिने गाठ मारली. “सुटलं ते सुटलं.”

तिच्या आवाजात खंत नव्हती. बंद झालेल्या बसबद्दल बोलावं तसं बोलली. कळा येत होत्या तेव्हा मी घाबरले नव्हते, तेवढी त्या दुपारी घाबरले.

आणि खरं सांगू? आईची मनाई मला देवासारखी वाटली. मनाई आहे तोवर मी वाचनासाठी तडफडणारी बाई. मनाई उठली की उघडी पडले. म्हणून मी आणखीच मोठ्याने कुरकुरायला लागले, आणि नवरा आणखीच पुस्तकं आणायला लागला.

घोटाळा इथे झाला. तो रोज विचारायचा, कालचं कसं होतं? त्याला पुस्तकं माझ्या तोंडून ऐकायची सवय. घरात मराठी असली तरी शाळा हिंदी, त्यामुळे मराठी वाचताना तो ओठ हलवत, बैलगाडीच्या वेगाने जातो. मी त्याला काय सांगणार होते, तुझी बायको आता वाचू शकत नाही? मी गोष्टी रचून सांगायला लागले. नुसतं मुखपृष्ठ बघायचं आणि ठोकून द्यायचं. एका पुस्तकातलं अख्खं गाव मी पुरात बुडवलं, आणि त्याचा चेहरा इतका पडला की दुसऱ्या दिवशी वाळवून परत दिलं. तो पाकीट भरून आणायचा, मी आधीची पुस्तकं त्याच पाकिटात घालून परत द्यायचे. कंदीलवालं मात्र मी उशाखाली ठेवून घेतलं होतं. शेवटी त्याने तेही परत मागितलं, आणि ते देताना माझ्याकडून वाघ निघाला.

वाघ असा, की तो रोज त्या स्टेशनावर येऊन मधोमध रुळावर झोपतो. स्टेशनमास्तर गाडीला लाइन देत नाही. मेल तासन् तास उभी, प्रवासी खाली उतरून खिचडी लावतात, आणि वाघाला हळूहळू वेटिंग रूमची इतकी सवय होते की तो पंखा लावल्याशिवाय आत बसत नाही. मी सांगताना लेकसुद्धा दूध प्यायची थांबली होती.

नवरा रेल्वेचा माणूस. त्याने ती गोष्ट दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ऑफिसात सांगितली. तिथल्या लोकांनी तिची फाइल उघडायचंच बाकी ठेवलं. कोणता सेक्शन? लाइन क्लियर कोणी दिली? वाघाची नोंद कुठे केली? साहेब म्हणाले, पुस्तक आणा, पान दाखवा. म्हणून माझ्या नवऱ्याने जन्मात पहिल्यांदा एक मराठी कादंबरी स्वतः उघडली, डबा बाजूला ठेवून, ओठ हलवत. वाघाचं नख दिसलं नाही. साऱ्या ऑफिसने विचारलं, शेर मॅडम के मायके गया है क्या. तिथून तो तडक स्कूटरवर बसला, तो आमच्या दारात.

“ऐंशी पानं वाचली मी,” तो म्हणाला. “जबडा दुखून राहिला.”

“वाघ पुढे आहे,” मी म्हणाले.

“तू म्हणाली होतीस, सुरुवातीलाच.”

“ऐकताना सुरुवात वाटते. पुस्तक जाडं आहे.”

त्याने पुस्तक पुढे केलं. “दाखव.”

आईने पुस्तकाकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या डायपरच्या पाकिटाकडे, मग जावयाकडे. तो जमिनीत शिरायला जागा शोधत होता. मी मोठ्या आशेने आईकडे पाहिलं. आता ही पुस्तक हिसकावेल आणि मी सुटेन.

“तिला वाचायचं नाही,” आई म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला.

“वाचायचं नाहीच आहे, आई,” नवरा म्हणाला. “फक्त वाघ शोधायचा आहे.”

आईने विचार केला. तिला अन्याय चालत नाही, आणि जावयाची ऑफिसात शोभा झाली होती. “शोधून दे आणि मिटून ठेव,” ती म्हणाली आणि त्याला पोहे द्यायला घेऊन गेली.

लेक माझ्या डाव्या हातावर झोपली होती. उजव्या हाताने मी पुस्तक उघडलं. ऐंशी पानांच्या पुढे. पहिलं वाक्य नाही, दुसरं नाही, मला वाचायचंच नव्हतं. मला एक जनावर हवं होतं, निदान मांजर, त्याला मी वाढवून घेतलं असतं. नजर ओळींवरून पळवत सुटले. पान उलटलं. स्टेशनमास्तर सिग्नलला तेल घालतो आहे, वाघ नाही. पान. त्याची बायको माहेरून परत येणार, गाडी लेट. वाघ नाही. पान. गाडी आली, ती उतरलीच नाही, आणि याने प्रवाशांपुढे हिरवा कंदील दाखवताना तोंड फिरवलं. का उतरली नाही? दोन पानं मागे गेले. मागे तिचं पत्र होतं, ते मी पळताना सोडून दिलं होतं. ते वाचलं. मग पुढे.

लेकीला उचकी लागली. मी थोपटलं, उचकी थांबली, आणि मी बरोबर त्याच ओळीवर परत आले. स्टेशनमास्तर तिथेच उभा होता. माझी वाट पाहत, तोंड फिरवून.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हललेसुद्धा नाही. पाणी भरल्या घागरीसारखी स्वतःला धरून बसले आणि पान उलटलं.

नवरा पोहे संपवून आला. बाजेच्या कडेला बसला आणि हळूच म्हणाला, “मिळाला का?” मी हात वर केला. जरा वेळाने त्याने पुन्हा विचारलं. “थांब ना रे,” मी म्हणाले, “ही उतरली काहून नाही, ते बघू दे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मग लेकीला माझ्या हातावरून उचलून घेतलं आणि तिच्या कानात आपल्या पंख्याच्या आवाजात काहीतरी सांगत बसला. मला वाटतं, वाघाचंच.

बाहेर दिवस मावळला असावा, कारण घोंगडीच्या कडेने येणारी उजेडाची रेघही गेली. झिरोच्या बल्बखाली मी पुस्तक इतकं डोळ्यांजवळ आणलं, की स्टेशनमास्तरच्या मिश्या टोचल्या. अक्षरं विरघळायला लागली. आता दोनच रस्ते होते. मिटून ठेवायचं, नाहीतर सांगायचं.

“आई,” मी हाक मारली. “आई, मी वाचून राहिले गं. शोधून नाही. वाचून राहिले.”

स्वयंपाकघरातला झाऱ्याचा आवाज थांबला. नवऱ्याने लेकीला छातीशी धरलं. वाघ येणार म्हणावं तसे आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो.

“मग मोठा लाइट लाव,” आई म्हणाली.