गुटन आपेटीट

शेजारी मांदेली तळायला लागले की मला आमच्या जर्मन सुनेचं पहिलं जेवण आठवतं. मुलगा तिकडे नोकरीला होता, तिथलीच बायको केली आणि तिला पनवेलला घेऊन आला. मी चौथी शिकलेला, तळोज्याच्या कारखान्यात जन्म गेलेला, तिच्याशी बोलणार काय? ताटं वाढली, तळलेली मांदेली आणि भात. मी घास उचलला, पण पोरगी हात मांडीवर ठेवून नुसती बसली. "मावरं खात नाय का ही?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तिच्याकडे सगळे बसले की गुटन आपेटीट म्हणतात, आपलं सावकाश होऊ द्या तसं, आणि मगच जेवतात. ती आईसाठी थांबलीय." बायको आतून ओरडली, "मी मागून बसते, तुमी जेवा!" पोरगी हलेना. भात गार झाला. शेवटी मीच बायकोवर खेकसलो, "ये गो, बस आता!" चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याबरोबर जेवली, लाजून, अर्धी पाठ वळवून. मला माझीच लाज वाटली. मग ते शब्द मी सुनेकडून आठ दिवस घोकून घेतले. ती दोघं परत गेल्यावरही रोज ताटावर म्हणायचो. "आली, आली, भाकरी तरी उतरू द्या, जर्मन सायब!" बायको म्हणायची, आणि ती बसेपर्यंत मी घासाला हात लावायचो नाही. अशी सहाच वर्षं मिळाली. आता ताट एकच असतं. तरी ते शब्द म्हणतो आणि भात गार होईपर्यंत थांबतो. ती चाळीस वर्षं थांबली, मला एवढं थांबायला काय होतंय?