कादंबरीचा तिसरा भाग

मालवणच्या बंदरात बोट काठाला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि आपण होडीतून तिच्यापर्यंत जायचं. त्या दिवशी मी होडीत बसलो तेव्हा मांडीवर पत्र्याची पेटी होती, आणि वाळूत आई, वडील आणि वयनी उभी होती. वयनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ आगबोटीवर खलाशी, वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा. वडील ओरडले, "पोचल्यार कागद घाल रे!" पेटीच्या तळाशी, धोतराच्या घडीत, एका कादंबरीचा तिसरा भाग होता. तो गावच्या वाचनालयाचा होता, आणि चुकून आलेला नव्हता.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतो, आपल्या आचऱ्यात राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे निघालात त्यांनाही.

तेव्हाचं आपलं वाचनालय म्हणजे देवळाजवळच्या खोलीतलं एक कपाट. नवी कादंबरी आली की कपाट सांभाळणारे मास्तर तिची शिवण उसवायचे, तीन भाग करायचे आणि प्रत्येकाला जाड दोऱ्याचे टाके घालायचे. तीन घरांत एकदम वाचन चालावं म्हणून. ज्याच्या वाट्याला जो भाग येईल तो त्याने आधी वाचायचा. कुणाला शेवट आधी कळे, कुणी मधूनच सुरुवात करी. मतं मात्र सगळ्यांची तयार. संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर गजाली रंगत. दाजी शिंपी नुसता पहिला भाग वाचून नायिकेला नावं ठेवायचे.

"दाजी, तिचो बापूस मेलो, म्हणान ती तशी वागता," मास्तर म्हणायचे.

"मेलो? कधी? माझ्या भागात तो बसान जेवता हा!"

बायका पायऱ्यांवर येत नसत. वयनीचं मत मी मागल्या पडवीत ऐकायचो. ती झपाट्याने वाचायची आणि मत दोन वाक्यांत सांगून कामाला लागायची.

ती कादंबरी एका तरुणाची होती. घर सोडून तो शहरात जातो. वयनीने पहिले दोन भाग वाचले होते. माझ्याकडे तिसरा आधी आला होता, तिच्या हाती तो अजून पडला नव्हता. मलाही तेव्हा मुंबईला जायचं होतं, पण वडिलांचे गुडघे गेलेले. मी गेलो तर शेत वयनीवर पडणार हे घरात सगळ्यांना दिसत होतं. म्हणून आई म्हणायची, "तिका इचार."

विचारायच्या आधी तिनेच विचारलं. "भावजीनू, तुमी शेवट वाचलास ना? काय होता त्याचां?"

तिसऱ्या भागात तो तरुण जवळपास नाहीच. आहेत त्या मागे राहिलेल्या बायका, त्याची आई आणि बहीण. शेत, आजारपण, वाट बघणं. मी म्हटलं, "बरां होता. नोकरी लागता, वर्साक घराक येता, सगळी सुखी."

"मगे तो गेलो तां बरांच केल्यान," वयनी म्हणाली.

त्याच आठवड्यात तिने आईला सांगितलं, "जाव दे भावजींका. शेताचां मी बघतंय." ते कादंबरीमुळे सांगितलं, की ती तसंही सांगणारच होती? मला माहीत नाही. पण तिने खरा शेवट वाचण्याचा धोका मी पत्करला नाही. तो भाग पेटीत घातला.

परळला गावच्या माणसांची खोली होती, तिथे राहिलो. मुंबईत पुस्तकं अख्खी मिळायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. खोलीत रविवारी वाद व्हायचे, नायक चुकला की लेखक चुकला. मला विचारलं की मी म्हणायचो, "बरी आहे." खरंच दुसरं काही सुचत नसे. कुठल्याही कादंबरीत कुणी घर सोडलं की मला वाटे, हिचा एक भाग कुठेतरी राहिलाय.

गणपतीला घरी जायचो. तोवर शेतं हिरवीगार झालेली असत, लावणी कधीच उरकलेली. लावणीच्या दिवसांत एकदाही सुटी मागितली नाही. देवळाच्या पायऱ्यांवर त्या कादंबरीची चर्चा अजून चालूच होती. शेवट हरवला म्हणून लोकांनी आपापले शेवट केले होते.

"तो परत इलो आणि नांगर धरल्यान," मास्तर सांगायचे.

"खुळे की काय! मुंबैक गेल्लो खंय नांगर धरता?" दाजी माझ्याकडे वळायचे. "ह्यो बघा जिवंत पुरावो. काय रे, तुझां मत काय?"

"मी वाचलेली नाय," मी म्हणायचो.

बारा-तेरा वर्षं गेली. मग एका मे महिन्यात तो भाग परत घेऊन गेलो. का तेव्हाच, तेही नीट सांगता येत नाही. वयनी पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. कोपरापर्यंत हात लाल. मी तिच्यासमोर पानं धरली. तिने ती ओळखली.

"हात बरबाटलेले आसत. तुमीच वाचा."

म्हणून मलाच वाचावं लागलं. दुपारभर. मध्ये एकदा तिने पाणी मागितलं, बाकी रातांबे फुटण्याचा आवाज. संपलं तेव्हा ती म्हणाली, "इतक्याच?"

"इतक्याच."

"मधल्या भागात ती भयण बरी होती. शेवटाक लेखकान् तिका उगाच रडवल्यान. येवन जावन रडता, मगे भात कोण लावता? माका तरी रडूक येळ खंय गावलो?"

"वयनी, तुका तेव्हा मी खोटां सांगितलंय."

"होय," ती म्हणाली. "पण तुमी सांगितलास तो शेवट ह्याच्यापरास बरो होतो."

आणि टोपली उचलून ती सालं उन्हात घालायला गेली.

हे तिने कादंबरीबद्दल म्हटलं की माझ्याबद्दल? तिने मला माफ केलं, की एवढ्या वर्षांचा हिशेब एका वाक्यात मांडला? विचारायची हिंमत झाली नाही. तो भाग मी मास्तरांना देऊन आलो. कुठे सापडला हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता दर मे महिन्यात तिच्यासाठी एक अख्खी कादंबरी नेतो. ती वाचते आणि दोन वाक्यांत मत सांगते. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढंच उरलंय. ती दोन वाक्यं ऐकायची, आणि त्यांत आपल्याबद्दल काही आहे का ते परतीच्या वाटेवर शोधत राहायचं.