गेळाच्या फळांची एक ओळ

ओढ्यातले किडे मोजून पोट भरणारा माणूस मुरबाड-शहापूर भागात मी एकटाच असेन. लग्न ठरताना सासऱ्यांना मी 'पाणी तपासतो' एवढंच सांगितलं होतं. किड्यांचं बोललो असतो तर मुलगी मिळाली नसती. काम तसं सोपं आहे. वाहत्या ओढ्यात उभं राहायचं, पायाने तळाचे दगड ढवळायचे आणि खालच्या अंगाला बारीक जाळी धरायची. जे वाहून येईल ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचं. तीन शेपट्यांचे चपटे किडे, खड्यांचं घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या अळ्या, असले नाजूक जीव सापडले की पाणी चांगलं, कारण त्यांना घाण अजिबात सोसत नाही. नुसत्या तांबड्या अळ्या वळवळताना दिसल्या की समजायचं, ओढा गेला कामातून. बाटलीत भरलेलं पाणी फक्त त्या दिवसाचं सांगतं. कारखानेवाले पाहणीच्या दिवशी पाइप बंद ठेवतात आणि नमुना गंगाजळासारखा निघतो. किडे मात्र बाराही महिने तिथेच राहतात, त्यांना पाहणीची तारीख कुणी कळवत नाही.

मी सांगतोय ती वाडी मुरबाड तालुक्यातली. नाव सांगत नाही, त्यांचं माझ्यामुळे आधीच पुरेसं नुकसान झालंय. वाडीच्या वरच्या अंगाला एक कारखाना, त्याचा पाइप करवंदीच्या जाळीत लपवलेला. त्यातून कोमट, फेसाळ पाणी ओढ्यात पडतं. वाडी पाइपाच्या खाली. नळ नाही, हातपंप होळीनंतर नुसती हवा ओढतो. म्हणून बायका ओढ्याकाठच्या वाळूत खड्डा खणतात आणि झिरपून आलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. त्या खड्ड्याला डवरा म्हणतात. डवऱ्याच्या पाण्याला औषधासारखा वास यायला लागला, पोरांच्या अंगावर फोड उठले, तेव्हा बायका रस्त्यापर्यंत चालत आणि पुढे एसटीने तहसीलला गेल्या. अर्ज दिला, की पाइप बंद करा, नाहीतर आम्हाला नळ द्या. अर्जावर चौकशी लागली. चौकशीचं काम आमच्या सल्लागार ऑफिसला मिळालं आणि ऑफिसने मला धाडलं. मी तिथे वर्षावर्षाच्या करारावर काम करतो.

मी गेलो तेव्हा म्हशाची जत्रा चालू होती, अर्धी वाडी तिकडे गेलेली. अर्ज देणाऱ्यांत पुढे होती ती एक मावशी मात्र माझ्यासाठी थांबली होती. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळी. उभं आयुष्य दगडाखालचे खेकडे धरण्यात गेलेलं, त्यामुळे कुठला दगड उलटायचा हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. पाइपाच्या वर जाळी धरली तर ट्रे किड्यांनी भरला. पाइपाच्या खाली धरली तर चिखल आणि तांबड्या अळ्या, बाकी काही नाही. तिने ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. म्हणाली, पाइप आला त्याच्या दुसऱ्याच वर्षी खालच्या दगडांना खेकडा राहिना, तेव्हाच आम्हाला हे कळलं होतं, आणि तुम्हाला हे कळायला एवढं शिकावं लागलं होय? मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मला लाज वाटली.

मग तिच्या पडवीत कोरा चहा झाला. मी तिला मासे कसे धरता म्हणून सहज विचारलं. ती खुलली. उन्हाळ्यात एक दिवस ठरतो, वाडीतला वडीलधारा माणूस तो ठरवतो, मग घरटी एक माणूस निघतं. जे सापडेल त्याचे सारखे वाटे होतात, आजारी म्हणून घरी पडलेल्याचाही वाटा काढून ठेवतात. आणि धरायचे कसे, तेही तिने सांगितलं.

"व्हळ आटला का वरचं डबकं तुटून येगळं पडतं. त्यात आमी गेळाची फळं कुटून टाकतो, मासं गुंगतात. वाहत्या पान्यात नाय टाकत कधी. खाली मानसं पितात ना."

हे सगळं तिने विश्वासाने सांगितलं. पाहुण्याला आपल्या घरची रीत सांगावी तसं.

आमच्या फॉर्मच्या शेवटी 'इतर निरीक्षणे' असा एक रकाना असतो, बोटभर रुंदीचा. माझ्या अंगात प्रामाणिकपणाचं भूत. प्रशिक्षणात शिकवलं होतं की जे पाहाल, ऐकाल ते लिहा, काही लपवू नका. मी लिहिलं, 'स्थानिक लोक मासेमारीसाठी ओढ्यात गेळाची फळे टाकतात.' बस्स. डबक्याचं लिहिलं नाही, उन्हाळ्याचं लिहिलं नाही, वाहत्या पाण्यात टाकत नाहीत हे तर नाहीच नाही. रकान्यात जागा नव्हती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. अरे, कागदाला मागची बाजू असते. मला निघायची घाई होती, आणि ही ओळ वाचून साहेबांना वाटेल की पोरगा बारकाईने काम करतो, अशी एक हौसही होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त माझं अवलक्षण दुसऱ्यांच्या कपाळी आलं.

अहवाल निघाला तेव्हा माझे आकडे जिथल्या तिथे होते. पाइपाच्या वर काय सापडलं, खाली काय सापडलं, सगळं छापलेलं. पण शेवटच्या पानावरचं कारण ऑफिसच्या साहेबांनी लिहिलं होतं. ओढ्यातले जीव मुख्यतः स्थानिकांनी टाकलेल्या विषारी फळांमुळे मेले, आणि कारखान्याच्या पाण्याबाबत 'यथावकाश अधिक तपासणी व्हावी'. मी तडक केबिनमध्ये गेलो. म्हटलं, साहेब, गेळ टाकतात ते डबकं पाइपाच्या वर आहे, आणि वरचेच किडे तर जिवंत आहेत, फळांनी मेले असते तर आधी ते मेले असते. साहेबांनी माझा फॉर्म काढून पुढ्यात ठेवला.

"ही ओळ तुमच्याच अक्षरात आहे ना?"

होती. मी बाहेर आलो आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे दोर वळून दिला होता मी.

पुढे ग्रामपंचायतीत वाडीला बोलावून अहवाल वाचून दाखवला. मीही होतो, मागच्या खुर्चीवर, मान खाली घालून. अर्ज निकाली निघाला. पाइप आहे तिथेच राहिला, नळाचं पुढच्या आराखड्यात बघू म्हणाले, आणि ओढ्यात गेळ टाकताना कुणी सापडलं तर गुन्हा दाखल होईल अशी समजही दिली. गेळाचं नाव निघालं तशी सगळ्या वाडीने वळून मावशीकडे पाहिलं. पाहणीच्या दिवशी माझ्याबरोबर कोण होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दोन आठवडे कसेबसे काढले, मग राहवेना म्हणून गेलो. मावशी डवऱ्यावर एकटीच होती. ती आली की बाकीच्या बायका हंडे उचलून निघून जातात असं तिने सांगितलं. तूच पाणी घालवलंस, म्हणतात. मासे धरायचे दिवस आले तर वाटा तरी येईल का, याची तिला खात्री नव्हती. माझ्यावर ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मी डबक्याचं बोल्ली व्हती, व्हळाचं नाय. तुमी येवढंच सांगा त्यांना. मला उरलेलं यांच्यातच काढायचंय."

त्याच संध्याकाळी वाडीतल्या चिंचेखाली माणसं जमली आणि मी सगळं सांगितलं. चूक माझी, अर्धं वाक्य मी गाळलं, मावशी खरं तेच बोलली होती. वाडीतला वडीलधारा म्हातारा तंबाखू मळत शांतपणे ऐकत होता. त्याने मावशीकडे पाहून मान हलवली आणि मग मला म्हणाला, "तोंडानं सांगितलं ते आमाला पटलं. आता येवढंच कागदावर ल्हून द्या, सही करून. तहसीलला आमी नेतो."

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशीचा चेहरा तर किती दिवसांनी मोकळा झाला असेल. माझ्या पिशवीत कोरे कागद होते, पेन खिशाला होतं. पण माझा करार पुढच्याच महिन्यात नव्याने व्हायचा होता, आणि तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच होतं, उगाच खोटं कशाला बोलू. मी म्हणालो, ऑफिसच्या शिक्क्यानिशी आणून देतो, म्हणजे वजन पडेल. त्यांना तेही पटलं. मी मोटारसायकल चालू केली आणि निघालो.

करार झाला. वाडीकडे मी परत फिरकलो नाही. आता या उन्हाळ्यात टोकावड्याला एका धाब्यावर मी वडापाव खात उभा होतो, तर मावशी रस्ता ओलांडून थेट माझ्याकडे आली. दुसरं काही न बोलता तिने विचारलं, शिक्का मिळाला का, सर?

मी म्हटलं, अजून नाही मावशी, होईल.

"बरं," ती म्हणाली. "मी सांगते वाडीत, सर आनतायत म्हनून."