सही स्नेहल मॅडमची

स्नेहल मॅडमची गोष्ट आमच्या हातकणंगल्यात प्रत्येकजण आपापल्या परीनं सांगतो. बाई शिकलेली, पण लबाड निघाली, असं म्हणतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण मी काही बोलत नाही. का बोलत नाही, तेच आज सांगते.

मॅडम लग्न होऊन इथं आल्या तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून आल्या होत्या. संगणक इंजिनिअर, हाताखाली दहा माणसं. नवरा विश्वजित स्वभावानं गरीब, म्हणजे थोरल्या भावापुढं तोंड न उघडणारा. थोरला भाऊ अमरसिंह, त्यांना सगळा गाव दादा म्हणतो. खताचं दुकान, पांढरी गाडी, पुढच्या निवडणुकीची तयारी. त्याच वर्षी मुलींना संगणक शिकवायची एक सरकारी योजना आली. पास होणाऱ्या दर मुलीमागं सरकार संस्थेला पैसे देणार, पण अट होती, संस्थेची प्रमुख बाईच पाहिजे. दादांना घरातच बाई मिळाली, तीही शिकलेली. दुकानाच्या माडीवर पंधरा संगणक लागले आणि मॅडम संचालिका झाल्या. उद्घाटनाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो होता की! दादांच्या फोटोच्या चौथाईएवढा.

मी पहिल्या बॅचची. पहिल्याच दिवशी मॅडमनी बंद पडलेला संगणक टेबलावर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "उघड, मनाली. घाबरतेस कशाला? आणखी काय बिघडणार आहे?" आतली रॅमची पट्टी काढायला लावली, खोडरबरानं पुसायला लावली, परत बसवायला लावली. मशिन सुरू झालं. मी येड्यासारखी हसत सुटले. आमच्या घरात बायकांनी मिक्सरसुद्धा उघडून बघितलेला नाही हो! कोर्स संपल्यावर मॅडमनी मला तिथंच लॅब असिस्टंट म्हणून ठेवून घेतलं. माझा बाप खाली दादांच्याच दुकानात खताची पोती उचलतो, त्यामुळं बापलेक एकाच सायकलवरून कामाला यायचो.

कागदावर सगळं मॅडमचं होतं. डिजिटल सहीचं ते पेनड्राइव्हसारखं डोंगल मात्र दादांच्या गाडीच्या कप्प्यात. सही करायची झाली की मॅडमच्या फोनवर ओटीपी यायचा, मागोमाग दादांचा फोन यायचा, आणि मॅडम सहा आकडे वाचून दाखवायच्या. भाकरी थापताना, बॅच घेताना, एकदा तर देवळात दर्शनाच्या रांगेत उभ्या राहून. कशाचा ओटीपी, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मोठ्या दिराला कशाला म्हणून विचारायचं? आमच्याकडं असं विचारणं म्हणजे माणसावर संशय घेणं. मला तिडीक यायची. वर्गात ही बाई वाघीण, आणि "हॅलो दादा" म्हटलं की आवाज एकदम खाली.

एके दिवशी मॅडम पोरींना फसवणुकीपासून सावध कसं राहायचं ते शिकवत होत्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. वर म्हणाल्या, "बँकेला नाही, पोलिसाला नाही, अगदी नवऱ्यालासुद्धा नाही." पोरी खिदळल्या. तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी तिथंच, फळ्याकडं पाठ करून, सहा आकडे वाचून दाखवले आणि फोन ठेवला. शिरोलीची मोना म्हणजे फटकळ पोरगी. ती म्हणाली, "मॅडम, दिराला चालतंय व्हय?" सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग फळा पुसायला लागल्या, आणि पुसून झाला तरी पुसतच राहिल्या.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. दादांच्या ऑफिसचा प्रिंटर बिघडला म्हणून त्यांचा कागद आमच्या लॅबच्या प्रिंटरवर छापून आला. पास झालेल्या मुलींची यादी होती. साठ नावं. आमच्या वर्गात पोरी चोवीस. अकराव्या नंबरला मोना होती, परीक्षेत पहिला वर्ग, पुण्यात नोकरीला. परीक्षा अजून झालीच नव्हती, आणि मोना बाहेर बाकावर बसून वडापाव खात होती. खाली डिजिटल सहीची हिरवी खूण आणि मॅडमचं पूर्ण नाव. मी कागद तसाच नेऊन मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "मनाली," म्हणाल्या, "हे उघडं पडलं तर बेड्या मला पडतील गं. दादांचं नाव कुठंच नाही."

रात्री त्यांनी नवऱ्याला विचारलं. विश्वजित म्हणाला, "दादा बघतोय की. तुला काय कमी हाय हितं?" दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला तेव्हा मी समोरच होते. मॅडम म्हणाल्या, "दादा, कशाचा आहे ते कळल्याशिवाय नाही सांगणार." पलीकडून ना ओरडणं, ना शिवी. "बरं," एवढंच आलं. दादा चिडले असते तर बरं झालं असतं. त्या 'बरं'नं माझी पाचावर धारण बसली.

तीन दिवस फोन आला नाही. चौथ्या दिवशी मॅडमच्या मोबाईलची रेंजच गेली. गल्लीत सगळ्यांना रेंज, यांनाच नाही. मोबाईलच्या दुकानात चौकशी केली तर कळलं, सिमकार्ड विश्वजितच्या नावावर, आणि त्यानं कालच डुप्लिकेट सिम काढून नेलंय. आता आकडे वाचायलाही मॅडमची गरज उरली नव्हती.

"तुम्ही राजीनामा द्या," मी म्हणाले.

"भरला गं अर्ज. तिथंही ओटीपी मागतोय," म्हणाल्या, आणि असं काही हसल्या की मला रडू आलं.

मग त्यांनी योजनेच्या कोल्हापूरच्या ऑफिसातल्या साहेबांना कागदावर लिहिलं, हातानं. माझ्या सहीचा गैरवापर होतोय, येऊन तपास करा. शेवटी लिहिलं, साक्षीदार मनाली, लॅब असिस्टंट. लिहिण्याआधी मला विचारलं होतं, "चालेल ना गं?" मी छाती ठोकून म्हणाले, "चालेल म्हणजे? पळतंय की!" पोस्टात जाऊन रजिस्टर मीच केलं.

पत्र साहेबांच्या टेबलावर पोचायच्या आधी त्याची बातमी दादांच्या कानावर पोचली असणार. कारण सोमवारी तपासणी आहे म्हणून कळलं, आणि रविवारी दादा जिन्यात मला भेटले. एकदम गोड आवाज. "मनाली, बाबा बरं हायत न्हवं तुझं? पोती उचलाय जमतंय न्हवं अजून? वय झालं बघ त्यांचं. जपाय पायजे." एवढं बोलून डोक्यावरून हात फिरवला आणि गेले. मी घरी येऊन जेवलेच नाही. बापानं विचारलं, काय झालं? डोकं दुखतंय म्हणाले.

सोमवारी सकाळी दोन साहेब आले. दादांनी दारातच चहा आणि नारळ-शाल तयार ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "संस्थेचा कारभार कोण बघतं?" आणि दादांनी हात जोडले हो! आजवर "स्नेहल, हिकडं ये" म्हणणारा माणूस मान तुकवून म्हणाला, "आमच्या मॅडमच बघत्यात सगळं. आम्ही काय, अडाणी शेतकरी मानसं. त्यांनी सांगायचं आणि आम्ही ऐकायचं." विश्वजित मान डोलवत होता. हिशेबनीस जोतीराम म्हणाला, "व्हय, मॅडमच." मॅडम सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत अजून धीर होता, कारण मी होते.

साहेबांनी पत्र उलगडलं. "मनाली तूच ना? घाबरू नकोस. सह्या कोण करतं?"

खाली दुकानात कुणीतरी पोतं टाकलं. धप्प. तो माझा बाप होता. दुसरं कोण असणार?

मी म्हणाले, "मॅडम करतात. सगळं मॅडमच बघतात."

साहेबांनी लिहून घेतलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. मॅडम ओरडल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर मी सहन केलं असतं. त्यांनी हजेरीवही माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "पोरी थांबल्यात गं वर्गात. बॅच घे." जबाबासाठी त्यांना गाडीतून कोल्हापूरला नेलं. विश्वजितनं खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "काळजी करू नको, दादा बघतोय."

गाडी वळली तशी मी जिना चढायला लागले. दादा मागून आले. "शहाणी हाईस," म्हणाले. "ह्येला आता टाळं लागणार. गारगोटीला नवीन सेंटर काढतोय, त्येला बाई संचालिका पायजे. तुझं नाव घालतो. उद्या येताना आधार आन, पॅनबी आन. आणि एक चांगला फोटो काढून घे, फ्लेक्सला लागंल."

मी "व्हय दादा" म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, संचालिका म्हटल्यावर क्षणभर मला बरंही वाटलं.