पाळण्याला बांधलेली केबल

शिरगावच्या किनाऱ्यालगत मच्छीमारांची एक सोसायटी होती. तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्या पाठोपाठ कुठल्याशा कारखान्याने टाकून दिलेला जुना प्रिंटरही आला. फुकट ते पौष्टिक! सगळ्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि चालवायला बसवलं चंद्रकांताला.

चंद्रकांता म्हणजे पंधरा वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन पालघरच्या बाजाराला जाणारी बाई. मानेचा मणका सरकला, डॉक्टरने सांगितलं की आता डोक्यावर ओझं म्हणून घ्यायचं नाही. मग तिने चाळिशीत टायपिंग शिकून घेतलं. हसणारे हसले. तीही हसली, आणि शिकली.

पण सवय काही सुटते का? पावसात होड्या किनाऱ्याला लागल्या, ऑफिसचं काम थांबलं. बाईने प्रिंटरची केबल काढली, तिची कोळणीसारखी छान गोल वेटोळी केली आणि बाहेर पडवीत खिळ्याला लटकवली. दोरी दिसली की खिळ्याला, हेच घरचं वळण. आणि तो खिळा कसला? गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सोसायटीच्या खिळ्याला जे लटकलं ते गावाचं. ज्याला हवं त्याने न्यावं, विचारायचं नाही.

झालं! केबल गेली.

ती कुठे गेली ते चंद्रकांताला कळलं शेजारच्या शकूच्या बाळाच्या बारशाला. बायका पाळणा म्हणत होत्या, एकेकीच्या हातात पाळण्याची दोरी येत होती. तिच्या हातात आली ती गुळगुळीत, राखाडी, जाडजूड. टोकाला लाल फडक्यात काहीतरी कडक गुंडाळलेलं. तिने चाचपलं आणि तिच्या तोंडचं गाणंच थांबलं.

आता ती मागायची कशी? शकूची आधीची दोन बाळं गेली होती. शकूच्या घरची रीत अशी की पाळण्याची दोरी विकत आणायची नाही, कष्ट केलेली दोरी मागून आणायची, आणि पोर चालायला लागेपर्यंत सोडायची नाही. शकूचा नवरा जिव्या खिळ्यावरून ही घेऊन आला होता. रात्रंदिवस रडणारं पोर ही दोरी बांधल्यावर पहिल्यांदा निजलं, हे शकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. चंद्रकांता घुगऱ्या खाऊन घरी आली.

नारळी पुनव जवळ आली तसा चेअरमन दादू तिच्या टेबलाशी आला.

"चंदे, यंदा होड्यांच्या डिझेलच्या चिठ्ठ्या मशीनवर निघाल्या पायजेत. नाय निघाल्या तर हा खटारा देऊन टाकतो. मग मशीनवरची बाई तरी कशाला पायजे?"

माणूस वाईट नव्हता, पण तोंडाला लगाम नाही. चंद्रकांताने मनात हिशोब मांडला. ऑफिस गेलं की पुन्हा पाटी, आणि पाटी म्हणजे मान गेली.

ती पालघरला गेली. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, ह्या मशीनची केबल ह्या मशीनपुरतीच. मागवतो, पण पुनव होऊन जाईल."

मग बोईसर. कारखान्यांच्या रस्त्याला एक दुरुस्तीवाला भय्या बसायचा, त्याच्याकडे वायरींचं अख्खं खोकं होतं. तिने हातांनी आकार करून दाखवला. तो बिचारा खोकं जमिनीवर पालथं करून बसला. एक जुळतेय म्हणता म्हणता दुसऱ्या टोकाला अडायची.

"दीदी," तो शेवटी म्हणाला, "इसका सिर मिलता है तो पूँछ नहीं मिलती."

त्याने तिला चहा पाजला. चहाने काय होणार होतं? पण तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

परतताना ती स्वतःवरच चिडली होती. खिळ्याला लटकवली कोणी? आपणच. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि केबल कुठे लांब होती? भिंतीपलीकडे होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! शकूला सांगावं तर ती आत्ता सोडून देईल, आणि उद्या पोराला साधा ताप आला तरी दोघींना जन्मभर तेच आठवेल. नको रे बाबा.

घरी आल्यावर तिने माळ्यावरची पाटी खाली काढली. धूळ झटकली. मासळीवर झाकायचा कागद आवळायची जुनी दोरी ओढून बघितली. अजून मजबूत होती मेली.

शकू बाळाला खांद्याशी धरून दारात आली. "ताय, पाटी का काढलीस?"

"अशीच. झटकून ठेवते."

शकूने पाटीकडे बघितलं, तिच्या मानेकडे बघितलं. तशीच माघारी फिरली. तिन्हीसांजेला परत आली तेव्हा हातात केबल होती, गोल वेटोळी केलेली. लाल फडकं काढलेलं.

"शके! सोडलीस?"

"मला ठाव होतं ताय, ही मशीनची हाय. दोरीला कुटं दात असतात? पन पोर निजलं ना, मग मला धीरच नाय झाला." तिने केबल चंद्रकांताच्या हातात दिली. "तू बारशाला हात लावलास तेवाच तुला कललं. तरी बोलली नाय. आता तुजी पाटीची दोरी दे मला."

"अगं, तिला मासळीचा वास हाय."

"असू दे. माजं पयलं पोर गेलं तेवा तू भरली पाटी माज्या दारात उतरवलीस आनि दिसभर बसलीस माज्याजवल. मासली नासली, तरी उटली नाय. ती दोरी माज्या दारात बसलेली हाय. तीच पायजे."

चंद्रकांताने पाटीची दोरी सोडवून तिच्या हातात दिली.

मग ती भिंतीला कान लावून उभी राहिली. पलीकडे पोराने जो टाहो फोडला! शकू गात होती, पाळणा कुरकुरत होता, पोर रडतच होतं. चंद्रकांताने कुलदेवीला हात जोडले. "माझं ऑफिस घे, पण ह्याला निजव." किती वेळ गेला कोण जाणे. रडणं हुंदक्यावर आलं, मग हुंदकाही थांबला. तेव्हा मात्र ती बाई तोंडाला पदर लावून रडली.

सकाळी तिने केबल लावली. एका बाजूची पकड पाळण्यावर मोडली होती, तिथे रबर गुंडाळलं. प्रिंटर खोकला, करकरला, आणि जिव्याच्या होडीची चिठ्ठी बाहेर आली. चेअरमन दादूने ती उजेडात धरून वाचली.

"केबल कुटं भेटली?"

"शेजारी," चंद्रकांता म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन तिने बिनदोरीची पाटी कोपऱ्यात सरकवली आणि तिच्यात कांदे भरून ठेवले.