पावतीत न लिहिलेला साबण
हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. कडुनिंबाच्या साबणाचा वास आला की ऐंशी सालाकडचं चिखल्याच्या मँगनीज खाणवसाहतीतलं कंपनीचं दुकान आठवतं; मी तिथं माल तोलून पावत्या लिहायचो. एके दिवशी मँगनीजनं काळी झालेली बोटं उमटू नयेत म्हणून पावती कोपऱ्याला धरून एक मजूर बाई दाराशी गेली. दारावरच्या चौकीदारानं पावतीशी ताडून थैली तपासली. "पावतीत साबन नाही, बाई. थैलीत कसा आला?" रांगेतून कोणी हसलं, "उडून आला असन!" बाकीच्यांनी आपापल्या थैल्या आधीच उघडून धरल्या. ती माझ्याकडे वळली, "भाऊ, तुमीच तं देला ना? सांगा ना याले." गप्पांच्या नादात साबण लिहायला मीच विसरलो होतो. पण नोकरी नवी होती. मी मान खाली घालून साखर तोलत राहिलो. ती पुन्हा दुकानात आली नाही. 'चूक माझी होती,' एवढं त्या रांगेसमोर बोलायचं तिचं देणं माझ्यावर अजून आहे.