टेकडीच्या मालकाला आरतीचा मान

खारघरला आमच्या सोसायटीमागची टेकडी सुरुंग लावून फोडतात. खाण ज्यांची, तेच आमच्या भागाचे नेते. मग तक्रार करायची कुणाकडे? सोसायटीच्या गणपतीत ते दर्शनाला येणार म्हटल्यावर मी घरात जाहीर केलं, "सगळ्यांसमोर विचारणार, टेकडी काय तुमच्या बापाची आहे का!" मुलगी खूश झाली. बायको म्हणाली, "आधी सदऱ्याची बटणं नीट लावा."

आमच्याकडे दहावी पास झालेल्या मुलांना आरतीचा मान असतो. यंदा तो आमच्या मुलीचा होता. ताट घेऊन ती उभी होती, तेवढ्यात नेते आले. मी घसा खाकरून पुढे झालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, "काय काका, बरं हाय ना?"

"तुमची कृपा!" मी म्हणालो, आणि मुलीच्या हातातलं ताट घेऊन त्यांच्या हातात दिलं. वर आरतीला सगळ्यात मोठा आवाज माझाच.

ते गेल्यावर मुलीनं पेढा पुढे केला. "घ्या बाबा, त्यांनीच आणलेत."

तिच्याकडे न बघता मी तो खाल्ला.